मोठ्या मुलांचा नाताळ

डिसेंबर लागला की आपल्या वाशिमच्या मंडळीत आईबापांचं एक बोलणं ठरलेलं असतं. रविवारची उपासना सुटते, बाहेर चपला शोधता शोधता कुणीतरी विचारतं, "काय मग, येताहेत का पोरं यंदा?" आणि त्याच्या मागोमाग, जरा हळू आवाजात, "काय घेतलं त्यांच्यासाठी?" या दुसऱ्या प्रश्नाशी बरेच जण अडखळतात. पोरं सहा-सात वर्षांची होती तेव्हा पाटणी चौकात एक चक्कर मारली की भागत होतं. एक फ्रॉक, एक शर्ट-पँट, चावीची मोटार, झाला नाताळ. आता मुलगा पस्तिशीला आलाय, पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरतोय. मुलगी नर्स आहे, मुंबईला किंवा आखातात. त्यांना जे लागतं ते त्यांनी कधीच मोबाइलवरून मागवलेलं असतं. मग आपल्या पेन्शनीतून त्यांना काय द्यावं, आणि द्यावं तरी का?

याविषयी आज तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचंय. मी स्वतः मोठ्या मुलांची आई आहे, नातवंडंही आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे: मुलं कितीही मोठी झाली तरी द्या, पण देताना त्यांना वळण लावायला जाऊ नका, आणि एकदा दिलं की त्या वस्तूच्या मागे मागे फिरू नका.

आपल्याकडे नाताळला घर भरतं आणि दोन तारखेला रिकामं होतं. याचं मूळ जुनं आहे. डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 साली अमेरिकेतून भारतात आल्या आणि 1938 मध्ये इथं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, चर्च ऑफ द नाझरीनच्या मिशनचं. रोग्यांच्या सेवेबरोबर नर्सिंगचं शिक्षणही इथं आलं, आणि वाशिम-बुलढाण्याकडच्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या मुली स्वतःच्या पगारावर उभ्या राहिल्या. ज्या घरात आजीनं पांढरा गणवेश घातला त्या घरातली नात आज कुठल्या कुठे पोचलीय. शिकलेली मुलं गावात राहात नाहीत, हे आपल्याला दोन पिढ्यांपासून माहीत आहे. 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला तरी ते बदललं नाही. 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि कारंजा, मालेगावच्या बाजूनं मुलं लवकर यायला लागली. तशी लवकर परतायलाही लागली. त्यामुळे वर्षभराची सगळी माया आपण त्या सात-आठ दिवसांत आणि एका पिशवीत कोंबायला बघतो. ती पिशवी जड होते ती इथंच.

शेजारच्या हिंदू घरांत हा प्रश्न रीतीनं सोडवलेला दिसतो. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण. लेक-जावयाला कपडे, जमलं तर सोनं. धोंड्याचा महिना आला की जावयाला 33 अनारसे. रीत असली की काय द्यायचं याचा विचार करावा लागत नाही, हे खरं. पण या रीतींकडे जवळून पाहिलं तर दोन गोष्टी मनाला लागतात. एक म्हणजे, लेकीला दिलेलं पुष्कळदा लेकीसाठी नसतंच. "तिकडचे काय म्हणतील" या धास्तीनं ते दिलेलं असतं, आणि तिकडे ते मोजलंही जातं. हुंड्याच्या विरोधातला कायदा 1961 पासून आहे. सणाच्या नावानं आत शिरणाऱ्या देण्याघेण्याला तो पुरा पडलेला नाही. आपल्याही घरांत हे आलंय, नाताळच्या कागदात गुंडाळलेलं. दुसरी गोष्ट मुलग्यांची. लग्न झालं की मुलाला कुणी काही द्यायचं असतं हेच आपण विसरतो. सुनेला साडी, नातवाला सायकल, जावयाला घड्याळ, आणि आपला मुलगा हात पुसत बाजूला उभा. चाळिशीच्या मुलालाही आईनं आपल्यासाठी काहीतरी शोधून आणलेलं हवं असतं. तो मागणार नाही. म्हणून तुम्ही लक्षात ठेवा.

आता त्या वळण लावणाऱ्या भेटींविषयी. एका ओळखीच्या घरी नाताळच्या दिवशी सगळे जमले होते. सुनेच्या हातात खोकं दिलं, तिनं कागद सोडवला, आत मोठा प्रेशर कुकर. सुंदर होता, महागाचा होता. सुनेनं "थँक्यू आई" म्हटलं, आणि सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "आता बाहेरून मागवणं बंद होईल बघा तुमचं." त्या बाईंच्या मनात खरोखर काळजीच होती. मुलाचं पोट बिघडतं, बाहेरचं तेल कसलं असतं कोण जाणे. पण दिवसभर ड्यूटी करून लोकलनं घरी येणाऱ्या त्या मुलीला कुकरबरोबर ठपकाही मिळाला, सगळ्यांसमोर. जेवणं होईपर्यंत ती फारशी बोलली नाही.

असे कुकर आपण सगळेच देतो. वजन वाढलेल्या मुलाला चालायचे बूट. अजून मूलबाळ नसलेल्या जोडप्याला झबली-टोपडी, "शुभशकुन म्हणून". उपासनेला न जाणाऱ्या मुलाला दरवर्षी नवं बायबल, आधीचं कपाटात कोरं असताना. बायबल द्यावं, जरूर द्यावं. पण त्यानं मागितल्यावर किंवा त्याला नव्या घरात ते हवं असेल तेव्हा. लहान मुलाला आपण जे आणतो त्यात शिकवण असतेच. रंगीत खडू, गोष्टीचं पुस्तक, क्रिकेटची बॅट, त्यातून त्याला घडवायचं असतं. मोठ्या मुलाला घडवायचं काम संपलेलं आहे. जे झालं ते झालं, बरं की वाईट. त्याच्याशी बोलायचं असेल तर समोर बसून बोला, दोन शब्द कमी-जास्त झाले तरी चालतील. भेटीच्या आडून बोललेलं त्याला उलटून उत्तरही देता येत नाही, आणि ते जास्त खुपतं.

सेंट निकोलसची गोष्ट आपल्या मुलांच्या नाटिकांतून फारशी येत नाही. ती यायला हवी. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे ते बिशप. सांता क्लॉजची लाल डगल्याची मूर्ती पुढं त्यांच्यावरूनच तयार झाली. त्यांच्याविषयीची प्रसिद्ध दंतकथा अशी की, एका गरिबी आलेल्या बापाच्या तीन उपवर मुली होत्या. हुंड्याला पैसा नाही, लग्नं होत नाहीत, मुलींना बाजारात बसवायची पाळी आली होती. निकोलसनं रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, मग दुसरीसाठी, मग तिसरीसाठी. आपण लहान मुलांचा समजतो तो सांता मुळात तीन मोठ्या मुलींना मदत करायला गेला होता. आणि रात्रीच का गेला? बापाची मान खाली जाऊ नये, मुलींना कुणाचे उपकार वाहत बसावं लागू नये, म्हणून. मोठ्या माणसाला द्यायचं तर असं. त्याची मान ताठ राहिली पाहिजे.

"पण त्यांना काय आवडतं ते कळत नाही हो," असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञानं 1993 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की, नाताळला मिळालेल्या वस्तूला, देणाऱ्याची माया बाजूला ठेवली तर, तुम्ही स्वतः किती किंमत मोजली असती. उत्तरांवरून त्याचा हिशेब असा निघाला की भेटींच्या किमतीतला दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा वाया जातो. आजी-आजोबांसारख्या लांबच्या पिढीनं दिलेल्या वस्तूंत हा तोटा जास्त होता, आणि गंमत म्हणजे रोख रक्कम देणाऱ्यांत आजी-आजोबाच पुढं होते. आपल्याला नातवाची आवड कळत नाही हे त्यांना आपसूक उमगलेलं होतं. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की न कळण्यात कमीपणा नाही. विचारा. "तुला यंदा काय हवंय?" असं फोनवर सरळ विचारलं की पहिलं उत्तर येतं, "काही नको गं आई, तू कशाला खर्च करतेस." तिथं थांबू नका, आणि वादही घालू नका. चार दिवसांनी सुनेला किंवा जावयाला वेगळं विचारा: "घरात एवढ्यात काय मोडलं?" मोडलेल्या वस्तूचं उत्तर लगेच मिळतं. इस्त्री, पाण्याचा फिल्टर, बाळाच्या गाडीचं चाक. त्यांनी सांगितलेलं मॉडेल घ्या. आपल्याला बरं वाटलेलं नको.

पैसे द्यायचे तर पाकिटात द्या आणि विसरा. आईवडिलांनी मुलांना दिलेल्या रकमेवर मुलांना आयकर लागत नाही, रक्कम कितीही असो. त्यामुळे चिठ्ठ्याचपाट्यांची भीती नको. भीती आपल्याच जिभेची असते. "त्या पैशांचं काय केलं?" हा प्रश्न फेब्रुवारीत हळूच बाहेर पडतो. मुलानं ते क्रेडिट कार्डाच्या थकबाकीत भरले असतील, मित्रांबरोबर गोव्याला उडवले असतील, बायकोच्या माहेरी कुणाच्या औषधाला दिले असतील. ते तुमचे राहिलेच नाहीत. विचारणार असाल तर आधीच सांगा की हे अमक्या कामासाठी देतोय. तोही एक प्रामाणिक व्यवहार आहे, पण त्याला नाताळची भेट म्हणू नका.

आणि हातात असेल तेवढंच द्या. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 साठी 5,328 रुपये क्विंटल होता, आणि सुगीत बाजारात त्याच्या किती खाली भाव मिळाला हे शेतकरी आईबापांना मी सांगायला नको. तूर अजून शेतात उभी, कापसाची वेचणी चालू, आणि पोरगा येणार म्हणून बचत गटाचं कर्ज उचलायचं, असं करू नका. मुलांना ते नंतर कळतं आणि त्या वस्तूकडे त्यांना बघवत नाही.

घर किंवा शेत नावावर करण्याची गोष्ट सणाच्या भरात बोलूच नका. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलांना बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र, 200 रुपये आहे (त्यावर नोंदणी वगैरेचा खर्च वेगळा), त्यामुळे "आत्ताच उरकून टाकू" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. नोंदवलेलं बक्षीसपत्र सहसा मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा मदतीला येतो, पण सांभाळ करण्याच्या अटीवर दिलं होतं हे तिथं दाखवावं लागतं. म्हणून द्यायचंच असेल तर ती अट कागदावर स्पष्ट लिहून घ्या, आणि आपल्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून ठेवा. वर मी म्हटलं की दिलेलं सोडून द्यावं. डोक्यावरचं छप्पर त्याला अपवाद आहे, तिथं सावधच राहा. आणखी एक: मृत्युपत्र नसेल तर आपल्याला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, वाटा सारखा. कायद्यानं जे सरळ मानलं ते नाताळच्या पिशव्या भरतानाही पाळायला काय हरकत आहे? मुलाला पाकीट आणि मुलीला फक्त करंज्यांचा डबा, हे अजून आपल्या घरांत चालतं.

अर्थात करंज्यांच्या डब्याला मी नावं ठेवणार नाही. दुकानात मिळत नाही असं काहीतरी आपल्याजवळ असतं, आणि मोठ्या मुलांना खरी ओढ त्याचीच असते. डिसेंबरात तुरीच्या शेंगा भरतात. अंगणात ऊन खात बसून शेंगा सोलायच्या, हिरवे सोले टोपल्यात गोळा करायचे, अंगठ्याचं नख हिरवं-काळं होतं. ते सोले चांगले कोरडे करून डब्यात भरायचे, डब्याला फडकं बांधायचं, वर मुलीचं नाव आणि फोन नंबर लिहायचा आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सवाल्याच्या हाती द्यायचं. सकाळी पुण्याला ती गाडीपाशी उभी असते. तिच्या घरी दुपारी सोले-वांग्याची भाजी होते आणि त्या दिवशी तिचा फोन येतो, न चुकता. हा फोन कपड्यांसाठी येत नाही.

तसंच आपल्या हातचं लिहिलेलं. फराळाच्या कृती मुली मोबाइलवर बघतात, पण करंजीचं सारण त्यांना आपल्याच घरचं हवं असतं. एक साधी वही घ्या आणि लिहून काढा. लिहिताना कळतं की सगळं "वाटीभर" आणि "अंदाजानं" आहे. कुठली वाटी? ती कडेला चेपलेली, स्टीलची, जिनं आपण आयुष्यभर रवा मोजला. मग वहीबरोबर ती वाटीही द्या. आपल्याला मोजायला दुसरी मिळेल. वडिलांना लिहिण्याचा कंटाळा असेल तर घरच्या बायबलचं पहिलं पान आहे, ज्यावर आजोबांपासून सगळ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं वेगवेगळ्या शाईत लिहिलेली असतात. त्या पानाचा चांगला फोटो काढून, फ्रेम करून प्रत्येक मुलाला द्या. मूळ बायबल एकच असतं आणि आपल्या मागे त्यावरून रुसवेफुगवे होतात. निदान ते पान सगळ्यांकडे राहील. बालपणीचे फोटो, शाळेची प्रगतिपुस्तकं, संडे स्कूलमध्ये मिळालेली बक्षिसाची कार्डं, हे सगळं पेटीत ठेवून आपण कुणासाठी जपतोय? त्यांचंच आहे ते. पण आधी विचारा. कुणाकुणाला शाळेच्या आठवणी नको असतात, आणि त्यांनाही त्यांची कारणं असतात.

बोलता बोलता शेवटी एका विषयाकडे यायचं होतं, आणि त्यासाठीच खरं म्हणजे मी हे लिहायला बसले. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्राचा दाखला आपण किती वेळा ऐकलाय. धाकट्यानं वाटा मागितला, बापानं काही न विचारता दिला, त्यानं तो उधळला. परत आला तेव्हा बापानं त्याची माफी पुरती ऐकूनही घेतली नाही. उत्तम झगा, हातात अंगठी, पायात जोडा, पोसलेलं वासरू. मोठ्या मुलाला भेट कशी द्यावी याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. पण दाखला तिथं संपत नाही. थोरला शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि बाहेरच थांबतो. इतकी वर्षं राबलो, मित्रांबरोबर सण करायला मला एक करडूही मिळालं नाही, असं तो म्हणतो. बाप त्याची समजूत घालायला उठून बाहेर जातो. धाकट्यासाठी धावला तसाच थोरल्यासाठीही तो घराबाहेर पडतो, याकडे उपदेशात फार कमी लक्ष जातं.

आपल्या प्रत्येकाच्या घरात, किंवा दोन गल्ल्या सोडून, असा एक थोरला असतो. वयानं थोरला असेलच असं नाही. पुण्या-मुंबईला न गेलेला, इथंच राहिलेला. शेती बघतो, किंवा छोटं दुकान चालवतो. गॅसची टाकी तो आणतो, रात्री दुखलं की दवाखान्यात तो नेतो, बँकेत हयातीचा दाखला द्यायला तोच बरोबर येतो. नाताळला बाहेरची मुलं येतात तेव्हा त्यांना स्टेशनवरून आणायलाही तोच जातो. आणि पिशव्या भरल्या जातात त्या जाणाऱ्यांच्या. सोले त्यांना, पापड त्यांना, वही-वाटी त्यांना, कारण ते जाणार असतात. इथला तर इथंच आहे, त्याला काय द्यायचं, तो रोजच खातो! त्याची बायको सगळ्यांचा फराळ तळते आणि शेवटी डब्याच्या तळाशी उरलेल्या तुकड्यांवर भागवते. हे मी अनेक घरांत पाहिलंय.

यंदा पहिला प्रश्न त्याला विचारा. बाहेरच्यांना फोन करायच्या आधी. आमच्या मंडळीतल्या एका कुटुंबानं गेल्या खेपेला विचारलं. मुलगा आधी हसला, विषय टाळला. दोन दिवसांनी त्याच्या बायकोनं सांगितलं की तुम्ही दोघं आठवडाभर पुण्याला दादांकडे जाऊन राहिलात तर आम्हाला पोरांना घेऊन चिखलदऱ्याला जाऊन येता येईल, लग्नापासून कुठं गेलो नाही. सासूबाईंना आधी वाईट वाटलं. आपण यांना ओझं झालो की काय, असं मनात आलं. मग त्यांनी पुण्याच्या मुलाला फोन लावला, 26 तारखेची ट्रॅव्हल्सची दोन तिकिटं काढली आणि चिखलदऱ्याच्या खोलीचे पैसे इथल्या मुलाच्या खात्यात टाकले.